राणीच्या पदरी, स्वतःच्या हिमतीवर

फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल आपलं मत शाळेतच ठरून गेलेलं असतं. बॅस्तिय पडला, राजाचं डोकं उडालं आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द जगभर गेले. राणी मारी आंत्वानेत या कथेतली खलनायिका. पाव नसेल तर केक खा, असं ती म्हणाल्याचा काडीचाही पुरावा नाही, तरी ते वाक्य तिला कायमचं चिकटलं आहे. अशा वाचकाच्या हाती हे पुस्तक जातं आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या आठवणी लिहिणारी बाई राणीच्या बाजूची आहे. क्रांतीला चाळीसहून अधिक वर्षं उलटल्यावर, ऐंशीच्या घरात पोचल्यावर तिनं हे लिहिलं, आणि तरी तिची बाजू तसूभरही ढळलेली नाही. फ्रान्समध्ये या आठवणी 1835 ते 1837 या काळात तीन खंडांत निघाल्या, तेव्हाही त्या जुन्या जमान्याच्या वाटल्या असणार.

एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ हे तिचं नाव. मारी आंत्वानेतची आवडती चित्रकार म्हणून ती ओळखली जाते, आणि तेवढ्यावरच तिचा निकाल लावण्याची पद्धत आहे: दरबारी, गोडगोड, खुशामती. यातलं काहीच सरसकट खोटं नाही. पण हे पुस्तक नीट वाचलं तर दरबारापेक्षा तिचं काम जास्त दिसतं. कोणत्या वर्षी कोणाचं चित्र, कोण कितीदा बसलं, कोणी पैसे दिले, ते पुढे कोणाच्या खिशात गेले. ही एका कष्टकरी बाईची कैफियत आहे, आणि ती तशीच वाचावी, एवढंच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

तिचा जन्म पॅरिसमधला, 16 एप्रिल 1755 चा. वडील लुई व्हिजे पेस्टलनं व्यक्तिचित्रं काढत, आई केशरचनेचं काम करी. म्हणजे घराचा चरितार्थ दुसऱ्यांच्या दिसण्यावर चालायचा. पाचसहा वर्षांची असताना पोरीला कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. तिथं तिनं वह्यांचे समास आणि भिंतीसुद्धा चेहऱ्यांनी भरून टाकल्या, त्याबद्दल शिक्षाही भोगली. वडिलांना पोरीचं फार कौतुक. पण ती बारा वर्षांची असताना माशाचा काटा गिळण्याचं निमित्त झालं आणि ते गेले. आईनं पुढच्याच वर्षी एका जवाहिऱ्याशी लग्न केलं. या सावत्र बापाबद्दल तिनं जे लिहिलंय, त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. तो तिच्या मेलेल्या वडिलांचे कपडे घालायचा, आणि तेसुद्धा आपल्या मापाचे करून न घेता. ऐंशीव्या वर्षी लिहितानाही ते न बसणारे कपडे तिच्या डोळ्यांपुढे आहेत. चित्रकाराची नजर म्हणतात ती ही.

पंधरासोळाव्या वर्षापासून ती चित्रांवर पैसे मिळवू लागली. ते पैसे सावत्र बाप घ्यायचा. शिक्षण म्हणावं तर तुकड्यातुकड्यांचं. कोणी रेखाटन दाखवलं, कोणी रंग लावायला शिकवलं, समुद्रदृश्यांचा नामांकित चित्रकार जोझेफ व्हेर्ने यानं निसर्ग पाहा असा सल्ला दिला. बाकी सगळं तिनं चित्रांसमोर उभं राहून उचललं. लक्झेंबर्ग राजवाड्यातली रुबेन्सची मोठाली चित्रं, खासगी संग्रहांतले रेम्ब्रां आणि व्हॅन डाइक, ग्रजच्या मुलींचे चेहरे, असं जे मिळेल त्याच्या नकला करत ती शिकली. नग्न मॉडेलवरून मानवी शरीराचा अभ्यास करायला मुलींना बंदी होती. त्या काळी सर्वांत वरची मानली जाणारी ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रं तर त्या अभ्यासावर उभी. मुलींनी व्यक्तिचित्रांकडे वळावं, फुलंफळं रंगवावीत, हा आवडीपेक्षा व्यवस्थेचा निर्णय होता.

1774 मध्ये तिच्या स्टुडिओवर जप्ती आली. गुन्हा एवढाच की ती परवान्याशिवाय चित्रं विकत होती. पॅरिसमध्ये पैसे घेऊन चित्र काढायचं तर एक तर राजाच्या रॉयल अकादमीचं सदस्य असावं लागे, नाहीतर चित्रकार-मूर्तिकारांच्या धंदेवाईक संघाचं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं मुकाट्यानं त्या संघाच्या, म्हणजे सेंट ल्यूक अकादमीच्या, सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी ते मिळवलं.

जानेवारी 1776 मध्ये तिनं चित्रांचे व्यापारी ज्यां-बातिस्त-पियेर ल ब्रँ यांच्याशी लग्न केलं. नवऱ्याबद्दल ती या पुस्तकात कडवटपणे लिहिते, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर कारणंही आहेत. तो जुगारी होता, बाहेरख्यालीही होता, आणि बायकोची कमाई नवऱ्याची हे त्या काळच्या कायद्यानं त्याला बहाल केलेलंच होतं. तिच्याच हिशेबानं तिनं क्रांतीपूर्वी दहा लाख फ्रँकांहून अधिक कमावलं, पण देश सोडताना तिच्या हाती त्यातलं जवळपास काही नव्हतं. तरी नवऱ्याला सरळसरळ खलनायक करणं मला पटत नाही. युरोपातली उत्तमोत्तम चित्रं त्याच्या हातून जात होती, ती घरात टांगलेली असत, आणि तिला त्यांच्या नकला करायला मिळत. गिऱ्हाईक कसं जमवायचं, दर कसा चढवायचा, हे त्याच्याइतकं पॅरिसमध्ये फार थोड्यांना कळत होतं.

फेब्रुवारी 1780 मध्ये मुलगी झाली. त्या दिवशीची हकिकत मूळ पानांत वाचण्यासारखी आहे. सकाळी एक मैत्रीण आली आणि बघताक्षणी म्हणाली, आज रात्री तू बाळंत होणार. हिचं उत्तर असं की छे, उद्या माझ्याकडे एक बैठक आहे. बाळाची काहीएक तयारी केलेली नव्हती. प्रेमदेवतेचे पंख बांधणाऱ्या व्हीनसचं चित्र ईझलवर होतं, आणि कळांच्या मधल्या वेळात ती त्यावर हात चालवत होती. हे तिनं थोडं रंगवून सांगितलं असेल, असणारच. पण रंगवायला तिनं हा प्रसंग निवडला, यातच सगळं आलं.

आता तिच्या चित्रांकडे वळू. तिच्या आधीच्या पिढीतली फ्रेंच दरबारी चित्रं पाहिली की माणसं कपड्यांत हरवलेली दिसतात: पावडर लावून पांढरे केलेले केस, गालांवर लाल रंगाचे गोल ठिपके, कमरेला दोन्ही बाजूंनी फुगवलेले घागरे. व्हिजे ल ब्रँला पावडरचा तिटकारा होता. 1784 मध्ये ग्रामों-कादरूसची डचेस तिच्याकडे बसली तेव्हा तिनं तिला केसांना पावडर लावू दिली नाही. केस काळेभोर होते. ते कपाळावर दोन भागांत विंचरून मोकळ्या बटा सोडल्या. बैठक संपल्यावर डचेस तशीच थेट नाटकाला गेली, बायकांनी पाहिलं, आणि हळूहळू तशी पद्धतच पडली. शाली, ओढण्या, रुमाल ती स्वतःच्या हातानं समोरच्या बाईच्या अंगावर टाकायची, चुरगाळायची, पुन्हा टाकायची. उमरावांना सहज दिसण्याची हौस आली होती आणि ती सहजता तयार करून देण्याचं कसब तिच्याकडे होतं. त्यामागे मेहनत अर्थातच मुळीच सहज नव्हती. रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून ती कातडीखालचं रक्त दाखवायची. या पुस्तकात दिलेल्या छापील चित्रांत ते उतरणं अवघड आहे, हे आधीच कबूल करावं लागेल.

1781 मध्ये ती नवऱ्याबरोबर फ्लँडर्सला गेली, तिथं अँटवर्पमध्ये तिनं रुबेन्सचं टोपीवाल्या बाईचं चित्र पाहिलं. टोपीच्या कडेखाली चेहरा सावलीत, तरी उजळ. एक ऊन आणि एक साधा दिवसाचा उजेड, असे दोन प्रकाश एकाच चेहऱ्यावर. परत आल्यावर 1782 मध्ये तिनं स्वतःला तसंच रंगवलं. डोक्यावर फुलं आणि पीस लावलेली गवताची टोपी, मागे आकाश, हातात पॅलेट आणि कुंचले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्या चित्राची तिनंच केलेली प्रत आहे. जवळ जाऊन बघितलं तर टोपीच्या सावलीची कड कपाळावर कुठे संपते ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय हे चित्र म्हणजे उघडउघड जाहिरात होती: रुबेन्सनं एक सुंदर बाई रंगवली, इथे सुंदर बाई आणि रुबेन्स दोन्ही मीच.

1786 च्या आत्मचित्रात ती मुलीला कवटाळून बसली आहे, ओठ किंचित विलग आहेत आणि दात दिसतात. ते चित्र पुढच्या वर्षी लूव्ह्रमधल्या सालोंमध्ये, म्हणजे अकादमीच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा एका टीकाकारानं चक्क दातांवर आक्षेप घेतला. प्राचीनांनी असं कधी केलं नव्हतं, आईच्या चित्रात तर हे अजिबात शोभत नाही, असा त्याचा सूर. उघडं तोंड चित्रात असे ते दारुड्यांचं, वेड्यांचं नाहीतर गरिबांचं. आज लूव्ह्रमध्ये या चित्रापुढून लोक गोड चित्र म्हणून पुढे सरकतात. सिमोन द बोव्हारनंही 'द सेकंड सेक्स'मध्ये या बाईला टोला हाणला आहे, ती आपलं हसरं मातृत्वच पुन्हा पुन्हा रंगवत बसली म्हणून. टीकेत तथ्य आहे, पण दातांचा किस्सा ठाऊक असला की तिची धार जरा कमी होते.

राणीशी तिची गाठ 1778 मध्ये पडली. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, तेवीस वर्षांच्या. मारी आंत्वानेतच्या आईला, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेझाला, मुलीचं मनासारखं चित्र हवं होतं आणि आधीच्या चित्रकारांनी निराशा केली होती. हिनं फुगवट्याच्या पांढऱ्या साटीनमधली भव्य राणी रंगवली, चित्र व्हिएन्नाला गेलं, आजही तिथंच आहे. त्यानंतर प्रती धरून तीसेक चित्रं तरी झाली. एकदा गरोदरपणामुळे तिची बैठक चुकली, दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली. राणी बाहेर निघाली होती, बग्गी उभी होती, तरी ती थांबली. घाईत रंगांची पेटी उलटली तेव्हा, तू अवघडलेली आहेस म्हणून, राणीनं स्वतः वाकून कुंचले गोळा केले. ही गोष्ट ती मोठ्या प्रेमानं सांगते. ज्या बाईला पुढे जगानं राक्षसीण ठरवलं, तिची ही बाजू लोकांपुढे यावी म्हणून ती सांगते, हेही लक्षात ठेवावं.

1783 च्या सालोंमध्ये मात्र हीच सहजता अंगाशी आली. राणीला तिनं पांढऱ्या मलमलीच्या साध्या, सैल झग्यात रंगवलं, कमरेला पट्टा, डोक्यावर गवताची टोपी. राणी खासगीत तशीच वावरायची. पण प्रदर्शनात लोक म्हणू लागले, राणीला अंतर्वस्त्रांत उभं केलंय. त्यात धंद्याचाही प्रश्न होता. ल्यों शहर रेशमावर जगत होतं, आणि राणीच मलमल घालू लागली तर रेशीम कोण घेणार? मलमल तर बाहेरची. नाणावलेली मलमल हिंदुस्थानातून येणारी. चित्र काढून घ्यावं लागलं. त्याच मापाचं, त्याच ढबीतलं, पण रेशमी पोशाखातलं, हातात गुलाब घेतलेल्या राणीचं चित्र तिनं भराभर तयार केलं.

त्याच वर्षी ती रॉयल अकादमीत गेली. तिथं स्त्रियांसाठी चारच जागा होत्या. नवरा व्यापारी, आणि अकादमीच्या सदस्यांना चित्रांचा व्यापार वर्ज्य, या मुद्द्यावर तिला अडवायचा घाट घातला होता. राणीनं शब्द टाकला आणि राजाज्ञेनं दार उघडलं. त्याच दिवशी, 31 मे 1783 ला, आदेलाईद लाबिय-गियार ही दुसरी चित्रकार रीतसर मतदानानं आत आली. लोकांनी दोघींची जुंपून द्यायला जराही वेळ लावला नाही. दोघींचीही चित्रं पुरुषांनी काढून दिलेली आहेत, अशा कंड्याही पिकल्या. या आठवणींत लाबिय-गियारला जवळजवळ जागाच नाही, आणि ही या पुस्तकातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात लाबिय-गियारचं 1785 चं आत्मचित्र आहे: ईझलसमोर ती बसलेली आणि पाठीशी तिच्या दोन विद्यार्थिनी उभ्या. चारच जागांच्या नियमाला याहून रोखठोक उत्तर रंगात दिलेलं मी पाहिलेलं नाही. ती क्रांतीच्या काळात फ्रान्समध्येच राहिली, 1790 मध्ये स्त्रियांच्या संख्येवरची मर्यादा उठवा असा प्रस्ताव तिनं अकादमीत मांडला, आणि 1793 मध्ये राजाच्या भावाचं आपलं भलंमोठं चित्र तिला नष्ट करावं लागलं. तिचं चरित्र मराठीत यायला हवं.

1787 चं राणी आणि मुलांचं चित्र तर फर्मावलंच होतं राणीची प्रतिमा सावरायला. पावणेतीन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर लाल मखमलीतली आई, मांडीवर धाकटा मुलगा, बिलगलेली मुलगी, आणि उजवीकडे थोरला राजपुत्र रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवतोय. धाकटी राजकन्या सोफी चित्र चालू असतानाच, अकरा महिन्यांची होऊन वारली होती. हिऱ्याच्या हाराच्या घोटाळ्यात राणीचं नाव गोवलं गेल्यानं लोक खवळलेले, खजिन्यात खडखडाट, त्यामुळे प्रदर्शन उघडलं तेव्हा चित्र लावायचं धाडसच झालं नाही. रिकामी चौकट पाहून कोणीतरी म्हणालं, ही पाहा तूट! थोरला राजपुत्रही जून 1789 मध्ये गेला. राणीला ते चित्र बघवेना, तिनं ते उतरवून आत ठेवायला सांगितलं, आणि म्हणूनच जमावाच्या तडाख्यातून ते वाचलं.

आता आपल्या बाजूची गोष्ट. सोळाव्या लुईचा दरबार मराठी इतिहासाला अगदीच परका नाही. 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस राजाचा वकील म्हणून पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला होता, हे पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्यांना आठवत असेल. त्यानंतर अकरा वर्षांनी उलट दिशेनं एक वकिलात गेली, ती मराठ्यांच्या शत्रूची. 1787 मध्ये गजेंद्रगडचा तह करून मराठ्यांशी युद्ध थांबवलेल्या टिपू सुलतानानं इंग्रजांविरुद्ध मदत मागायला तीन वकील फ्रान्सला धाडले: मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान. 10 ऑगस्ट 1788 ला व्हर्सायमध्ये राजानं त्यांची भेट घेतली. सहाच दिवसांनी फ्रान्सच्या सरकारी तिजोरीनं आपली देणी थांबवली. ज्याच्याकडे फौज मागायला आले तोच दिवाळखोर निघाला, हे त्या वकिलांना कितपत उमगलं असेल कोण जाणे.

पॅरिस मात्र त्यांच्यामागे वेडं झालं होतं. व्हिजे ल ब्रँनं त्यांना ऑपेरात पाहिलं आणि या माणसांची चित्रं काढायचीच असं ठरवलं. राजानं सांगितल्याशिवाय आम्ही बसणार नाही, असा निरोप आला, तेव्हा तिनं राजाकडून शब्द मिळवला. मोठा कॅनव्हास घेऊन ती त्यांच्या मुक्कामी गेली. आत शिरताच एकानं तिच्या हातांवर गुलाबपाणी घातलं. मग दरवेश खान उभा राहिला, सोनेरी फुलांच्या पांढऱ्या मलमली जाम्यात, तलवारीवर हात ठेवून. पाच वर्षांपूर्वी राणीच्या अंगावर याच कापडानं गदारोळ केला होता, आणि इथे ते आपल्या मूळच्या मालकाच्या अंगावर ऐटीत होतं. चित्र पूर्ण उंचीचं आहे, बघणाऱ्याकडे त्याचं लक्षच नाही, नजर बाजूला. युरोपीय चित्रकार पूर्वेकडच्या माणसाला रंगवताना बहुतेकदा नवलाईची वस्तू करून टाकतात. या चित्रात नवलाई आहेच, पण त्याहून जास्त दरारा आहे.

चित्रं वाळायला तिथंच ठेवली होती. मागवायला माणूस पाठवला तर दरवेश खानानं चित्र आपल्या पलंगामागे दडवलेलं. देईना. या चित्राला अजून आत्मा हवा, असं त्याचं म्हणणं. शेवटी बाईनं त्याच्या नोकराला फितवून चित्र पळवलं. खान नोकराचा जीव घ्यायला निघाला. पॅरिसमध्ये नोकर मारायची रीत नाही, हे समजावताना दुभाष्याच्या नाकी नऊ आले. राजानंच चित्र मागवलंय अशी थाप मारल्यावर प्रकरण मिटलं. त्यांनी तिला आणि तिच्या एका मैत्रिणीला जेवायलाही बोलावलं होतं. जमिनीवर बसून, हातानं वाढलेलं ते जेवण ती थोड्या धास्तीनं आणि बऱ्याच गमतीनं सांगते. हा सगळा मजकूर तिच्या वर्गाच्या आणि काळाच्या डोळ्यांतून आलेला आहे, खान त्यात थोडा हास्यास्पद होतो. चित्रात तो होत नाही. लेखिकेपेक्षा चित्रकार मोठी होती, याचा याहून चांगला दाखला सापडायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे चित्र सुमारे 72 लाख डॉलरला गेलं. आधुनिक काळापूर्वीच्या कोणत्याही स्त्री-चित्रकाराच्या चित्राला तोवर लिलावात इतकी किंमत आलेली नव्हती.

ऑक्टोबर 1789 मध्ये जमावानं राजाराणीला व्हर्सायहून पॅरिसला आणलं, त्याच सुमारास ती मध्यरात्री टपालगाडीतून निघाली. अंगावर मजूर बाईचे कपडे, डोळ्यांवर ओढलेला रुमाल, सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि तिची दाई. समोर बसलेला माणूस आपण घड्याळं कशी चोरली ते सांगत होता, दुसरा एक ग्रनोब्लचा जॅकोबिन कोणाकोणाला दिव्याच्या खांबावर लटकवायचं याचं व्याख्यान देत होता. निघायचं कारणही कळण्यासारखं होतं. तिच्याबद्दल वाटेल ते छापलं जात होतं. घरच्या घरी मित्रांना दिलेल्या एका ग्रीक थाटाच्या जेवणाला तिच्या सांगण्याप्रमाणे 15 फ्रँक खर्च आला होता, त्याचे व्हर्सायमध्ये 20 हजार झाले, आणि पुढे तिच्या प्रवासात रोममध्ये 40, व्हिएन्नात 60, सेंट पीटर्सबर्गमध्ये 80 हजार.

पुढची बारा वर्षं ती फ्रान्सबाहेर होती. इटली, व्हिएन्ना, मग 1795 पासून 1801 पर्यंत रशिया. हा पुस्तकाचा मधला मोठा भाग. यात राजकन्या आणि सरदारणी इतक्या आहेत की वाचक दमतो, तेव्हा पानं उलटली तरी चालतील. थांबावं ते कामाच्या गोष्टींपाशी. नव्या शहरात शिरायचं, एक चित्र लोकांना दाखवायचं, त्यावर दहा कामं मिळवायची. फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयानं आत्मचित्र मागितलं, तेव्हा तिनं स्वतःला मारी आंत्वानेतचा चेहरा रंगवताना दाखवलं. वर्ष होतं 1790. पदरी पैसा नाही, पाठीशी नवरा नाही, मायदेशात नाव पळपुट्यांच्या यादीत. नवऱ्यानं 1794 मध्ये घटस्फोट घेतला, मालमत्ता वाचवायला. तिला यादीतून काढा म्हणून फ्रान्समधल्या 255 कलावंतांनी अर्ज केला, आणि 1802 मध्ये ती परतली.

आठवणी म्हणजे तिनं काढलेलं आणखी एक व्यक्तिचित्रच, तेव्हा ते चापून चोपून बसवलेलं असणार. रशियात तिनं कॅथरीन सम्राज्ञीच्या दोन नातींचं चित्र काढलं, दंड उघडे ठेवून. सम्राज्ञी नाराज आहे असं कानावर आल्यावर तिनं बाह्या रंगवल्या आणि चित्र बिघडवलं. ती लिहिते की हा एका दरबाऱ्याचा खोडसाळपणा होता, सम्राज्ञी तसं काही बोललीच नव्हती. पण कॅथरीनचं पत्र उपलब्ध आहे, आणि त्यात तिनं चित्रातल्या नातींना चक्क पग कुत्र्यांची उपमा दिली आहे. मुलीनं आपल्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, ती जखम ती लपवू शकत नाही, पण स्वतःचा हट्ट किती होता ते गाळते. पॅरिसमध्ये पावासाठी रांगा लागल्या होत्या, हे तर या पानांत जेमतेम दिसतं. जुन्या काळात बायकांचं राज्य होतं आणि क्रांतीनं ते घालवलं, असं तिचं ठाम मत.

हे मत ऐकून चिडणं सोपं आहे. पण तिच्या धंद्यापुरतं पाहा. राजाच्या अकादमीत चार का होईना, जागा होत्या. क्रांतीनं 1793 मध्ये अकादमी मोडली, आणि त्यानंतर पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दरवाजे मुलींना उघडले ते थेट 1897 मध्ये. तिनं ज्या राजवटीशी इमान राखलं तिनं तिला पोट भरू दिलं होतं. त्या राजवटीत इतर लाखोंची पोटं रिकामी होती, याचं भान तिला नव्हतं. तिच्या वतीनं ते लपवायचं कारण नाही.

30 मार्च 1842 ला ती गेली तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. मागे सहाशेंहून अधिक व्यक्तिचित्रं, शिवाय निसर्गचित्रं. एवढं असूनही तिचं पहिलं मोठं प्रदर्शन फ्रान्समध्ये भरायला 2015 साल उजाडावं लागलं.

वाचकानं सुरुवात पहिल्या पानापासून करावी असा माझा आग्रह नाही. शेवटी, परिशिष्टात, तिनं वर्षावार दिलेल्या चित्रांच्या याद्या आहेत, आणि आपल्या भाचीसाठी लिहिलेल्या व्यक्तिचित्रणाच्या सूचना. त्या आधी वाचाव्यात. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी सगळी तयारी करून बसावं. त्याला फार वेळ एका जागी खिळवून ठेवू नये, मधे विसावा द्यावा. बायकांना म्हणावं, तुमची कांती किती टवटवीत दिसतेय. त्या खुलतात आणि मग चांगल्या बसतात. पुरुषांचंही तेच. आणि बैठकीला मित्रमंडळी जमू देऊ नयेत, कारण प्रत्येकाला काहीतरी मत द्यायचं असतं.